पदवीधराचा करार कोण वाचणार?

प्रति,
प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स, परराष्ट्र मंत्रालय, नवी दिल्ली;
सचिव, शालेय शिक्षण विभाग आणि उच्च व तंत्र शिक्षण विभाग, मंत्रालय, मुंबई;
कुलगुरू, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड;
जिल्हाधिकारी, हिंगोली.

मान्यवर,

जवळा बाजार हे औंढा नागनाथ तालुक्यातले, परभणी-हिंगोली रस्त्यावरचे बाजाराचे गाव. आसपासच्या खेड्यांतला शेतमाल इथे उतरतो आणि पोरेही शिकायला इथेच येतात. या भागात मी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले, आता निवृत्त आहे. अलीकडे जुने विद्यार्थी भेटायला येतात ते एकच विषय घेऊन. "सर, बाहेर देशात इंग्रजी शिकवायला जावं म्हणतो. जमंल का?" मुली विचारतात तेव्हा आवाज थोडा खाली असतो, कारण घरी अजून सांगितलेले नसते.

पुढचे प्रश्न अगदी साधे असतात. कोणता देश भारतातल्या माणसाला इंग्रजीचा शिक्षक म्हणून घेतो? नांदेडच्या पदवीवर कुठले कुठले शिक्के लागतात? आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग कामाचा करून देऊ, असे म्हणतात, ते खरे का? करार अरबीत आहे, सही करू का? मधेच आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर परत येता येते का? एकट्या बाईला तिथे खोली कशी मिळते? हे विचारायला आज त्यांच्यापुढे एजंटाचे एकच दार उघडे आहे. या प्रश्नांची उत्तरे देणे ज्यांचे काम आहे, त्या आपल्या सर्वांना म्हणून हे पत्र.

ही मुले कोण आहेत, ते आधी सांगतो. २००० साली महाराष्ट्राने मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सक्तीचे केले. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्या वर्षी पहिलीत बसलेली पोरे आज तिशी ओलांडून गेली आहेत. इंग्रजी शिकलात तर जग मोकळे होईल, हे आपणच त्यांना सांगितले आणि त्यांनी ते खरे मानले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघून त्यांनी एम.ए. केले, बी.एड. केले. घरी थोडी जमीन, तीत सोयाबीन आणि हळद. शिक्षकभरती २०१२ पासून वर्षानुवर्षे जवळपास बंद राहिली. शिक्षकभरतीसाठी पवित्र पोर्टल आले, पण अभियोग्यता चाचणी २०१७ नंतर झाली ती २०२३ मध्ये, मग २०२५ मध्ये. निवड झाली तरी आधी तीन वर्षे शिक्षण सेवक. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला २०२३ पर्यंत महिना सहा हजार मिळत, आता सोळा हजार मिळतात. बाकीची मुले तासिका तत्त्वावर किंवा खाजगी इंग्रजी शाळेत राबतात. यांना बाहेर जावेसे वाटते याचे मला मुळीच नवल वाटत नाही, आणि त्यांनी जाऊ नये असेही माझे म्हणणे नाही. हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे गाव. ते पंजाबात घुमानपर्यंत गेले, तिथे राहिले, आणि त्यांची पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. आमच्या मातीतला माणूस दूर जाऊन शिकवू शकतो याचा याहून मोठा दाखला काय हवा?

माझे मुख्य गाऱ्हाणे कायद्याबद्दल आहे. परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. दहावीपेक्षा कमी शिकलेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा येतो, आणि ठरलेल्या १८ देशांत कामाला जाण्याआधी त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी घ्यावी लागते. त्या मंजुरीच्या निमित्ताने सरकारचा एक माणूस त्याचा करार पाहतो. पगार, काम आणि मालक कागदावर येतात. त्याला प्रवासी भारतीय विमा योजनेत उतरवले जाते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि अपघाती मृत्यूला १० लाखांचे संरक्षण. जो दहावी पास झाला त्याला यातले काहीच लागू नाही. कायद्याने त्याला शहाणा धरला आहे.

म्हणजे आमच्या शिवारातला गवंडी सौदीला निघाला तर त्याचा करार दिल्ली पाहते, आणि त्याचीच एम.ए. बी.एड. झालेली बहीण कुवेतच्या शाळेत शिकवायला निघाली तर तिचा करार कुणीच पाहत नाही. शिकलेला माणूस फसत नाही, हे गृहीतक १९८३ साली पटण्यासारखे असेल. आज मोबाइलवर कंपनीचे बनावट लेटरहेड, बनावट मुलाखत आणि बनावट ऑफर लेटर तासाभरात तयार होते. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या साडेपाचशेच्या आसपास भारतीयांना सरकारने दोन दिवसांत विमानाने परत आणले. थायलंडमध्ये बरी नोकरी आहे असे सांगून त्यांना नेले होते. त्या सापळ्यासाठी संगणक आणि इंग्रजी येणारी मुलेच लागतात. तेव्हा शिक्षण ही ढाल आहे असे म्हणणे आता सोडून द्यावे.

हे बदलता येत नाही असेही नाही. परिचारिका शिकलेल्याच असतात. तरी त्यांच्याकडून लाखो रुपये उकळले जातात हे दिसल्यावर केंद्राने २०१५ मध्ये नियम केला, की त्या १८ देशांत जाणाऱ्या परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फत आणि मंजुरी घेऊनच व्हावी. शिक्षकांसाठी असा विचार का झाला नाही? नोव्हेंबर २०१८ मध्ये या १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या शिकलेल्या लोकांनाही सरकारकडे नोंदणी सक्तीची करण्याचा आदेश निघाला आणि तो महिन्याच्या आतच स्थगित झाला. सक्तीमुळे विमानतळावर लोक अडकतील ही भीती रास्त होती. पण सक्ती नको म्हणून नोंदणीचा विषयच विस्मरणात टाकणे रास्त नव्हते. स्वेच्छेने नोंदणी करता येते, हे आमच्या भागात कुणाला माहीत आहे? १९८३ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी २०२१ मध्ये एक मसुदा आला, २०२५ मध्ये दुसरा आला. या नव्या कायद्यात शिक्षकाच्या कराराची तपासणी, तो मागेल तेव्हा आणि विनाशुल्क, हा त्याचा हक्क म्हणून लिहा, एवढी माझी पहिली मागणी आहे.

आता देशांबद्दल. हे आमच्या मुलांना कुणीतरी अधिकाराने सांगायला हवे, कारण एजंट सगळ्याच देशांची नावे घेतो. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. मात्र भारत आणि कोरिया यांचा जो व्यापक आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे, त्यात भारतीयांना तिथल्या शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून जाण्याची वाट ठेवलेली आहे. पदवी आणि शिक्षकाची पात्रता हवी, म्हणजे आमच्या बी.एड. झालेल्या मुलांकडे जे आहे तेच. करार होऊन इतकी वर्षे झाली. या वाटेची साधी माहिती विद्यापीठाने आपल्या इंग्रजी विभागांना कधी पाठवली का? राज्याने कोरियाच्या वकिलातीशी बोलून किती जागा, कुठे, केव्हा, हे कधी विचारले का? बांधून ठेवलेला पूल वापराविना पडून आहे.

चीन कामाचा व्हिसा देताना इंग्रजी मातृभाषा मानलेल्या देशांचेच नागरिक पाहतो, आणि तरीही तिथल्या जागांच्या जाहिराती आमच्या मुलांच्या फोनवर येतात. जपानमध्ये शाळेत परभाषा शिकवणाऱ्याला त्या भाषेतून किमान १२ वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाने ही अट वाचली की त्याचे पैसे आणि वर्ष दोन्ही वाचतात. इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह आणखी काही देशांतल्या शिक्षकांना तिथला शिक्षक-दर्जा मिळवण्याची वाट खुली केली. त्याच्या बातम्या इथे जोरात फिरल्या. पण भारतीयांसाठी ती ११ ते १६ वर्षांच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा शिकवणाऱ्यांपुरती आहे. इंग्रजी विषयाच्या शिक्षकाला ती नाही. बातमीचा हा अर्धा भाग सांगायला कुणी आले नाही.

खरी दारे उघडी आहेत ती मुख्यतः आखातातल्या भारतीय शाळांत. परदेशांत सीबीएसईशी संलग्न दोनशेहून अधिक शाळा आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आखाती देशांत आहेत. इथे माझी दुसरी मागणी येते, आणि ती मला सगळ्यांत सोपी वाटते. सीबीएसई केंद्र सरकारच्याच शिक्षण मंत्रालयाच्या हाताखाली आहे. या संलग्न शाळांनी आपल्या रिकाम्या जागा, पगार, घर देतात की नाही, परतीचे तिकीट आणि कराराचा नमुना एका ठिकाणी जाहीर करावा, अशी अट संलग्नतेला जोडता येईल. एवढे झाले तरी आमची पोरे मधल्या माणसाला ओलांडून थेट शाळेशी बोलतील. तीन हजार दिरहम म्हणजे सुमारे सत्तर हजार रुपये, हा हिशेब इथे ऐकताना डोळे दिपतात. त्यातून घरभाडे, बस आणि जेवण किती जाते, हे शाळेनेच लिहून द्यावे.

कागदपत्रांवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण नोकरी मिळूनही माणसे इथेच अडकताना पाहिली आहेत. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पदवीवर कधी तेच, कधी उलटे. आधारवर इंग्रजी स्पेलिंग वेगळे, कारण ते भरणाऱ्या मुलाने कानाला ऐकू आले तसे टाईप केले. पासपोर्टवर आणखी वेगळे. मुलगी लग्न झालेली असेल तर बी.ए. माहेरच्या नावाने, बी.एड. सासरच्या नावाने, मधला शब्द एकदा वडील आणि एकदा नवरा. आपल्याला हे सगळे सहज कळते. दुसऱ्या देशातल्या अधिकाऱ्याला ती दोन बायका वाटतात. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, विवाह नोंदणी, आणि यातला एकेक कागद मिळवायला लागणारी सुट्टी. तासिका तत्त्वावरच्या माणसाला सुट्टी म्हणजे त्या दिवसाचे पैसे बुडणे. विद्यापीठाने पदवी छापताना पासपोर्टवर चालेल असे नाव विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावे आणि दुरुस्तीची खिडकी महाविद्यालयातच ठेवावी. कुलगुरू महोदय, हे आपल्या एका परिपत्रकाचे काम आहे.

त्यानंतर शिक्के. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे. त्या करारातल्या देशासाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल पुरतो. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ मध्ये त्यात आला, चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत त्यात नाहीत, तिथे राज्याचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि वर वकिलातीचा शिक्का लागतो. अपोस्टिलचे सरकारी शुल्क एका कागदाला ५० रुपये आहे आणि वर नेमलेल्या एजन्सीचा थोडा सेवा आकार. आमच्या गावापासून मुंबईपर्यंतची रात्र, तिथला मुक्काम आणि पुन्हा या म्हटले की दुसरी फेरी, हा सगळा खर्च टाळायला मुले एजंटाला एका पदवीमागे हजारो रुपये देतात आणि मूळ प्रमाणपत्र त्याच्या हाती सोपवतात. आयुष्याची कमाई अनोळखी माणसाच्या पिशवीत. केरळात राज्य सरकारची नोर्का रूट्स ही संस्था तिरुवनंतपुरम, एर्नाकुलम आणि कोळिकोड इथे हेच काम करून देते. परदेशी नोकऱ्यांसाठी तर केरळने ओडेपेक ही सरकारी कंपनी १९७७ सालीच काढली. महाराष्ट्रात मुंबईला २०१७ मध्ये विदेश भवन उभे राहिले, ते उत्तमच झाले. पण ते वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. नांदेडच्या विद्यापीठात किंवा हिंगोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्यातून ठरलेल्या दिवशी शिक्क्यांसाठी कागद स्वीकारावेत आणि पोचपावती द्यावी, ही माझी तिसरी मागणी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक यांचा विचार झाला. ठरवले तर राज्य दुसऱ्या देशाशी थेट बोलू शकते, हे त्यातून दिसले. आमच्याच तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारा लायगो प्रकल्प होतो आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्याला २,६०० कोटी मंजूर केले. उद्या जगभरातले शास्त्रज्ञ औंढ्याच्या रस्त्याने ये-जा करतील आणि त्यांच्या कागदांची सोय नीट होईल याची मला खात्री आहे. तीच तत्परता इथून बाहेर निघालेल्या शिक्षकाच्या वाट्याला यावी.

एजंटांविषयी थोडेच. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. त्याचा परवाना क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. त्याच पोर्टलवर तीन हजारांहून अधिक बेकायदा एजंटांची नावेही सरकारने टाकली आहेत. नोंदणीकृत एजंट बहुतेक मुंबईत बसतात, आमच्या भागात फिरतात ते त्यांचे नाव सांगणारे लोक. एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या वडिलांनी अर्धा एकर गहाण टाकण्याची बोलणी पूर्ण केली होती. ऑफर लेटर आखाती देशातल्या शाळेचे होते आणि व्हिसा भेटीचा. कामाचा व्हिसा पोहोचल्यावर मिळेल, असे तोंडी सांगितले होते. भेटीच्या व्हिसावर काम करणे तिथे गुन्हा ठरतो, आणि गुन्हेगार ती ठरली असती. जमीन वाचली ती केवळ एका नातेवाइकाने वेळेत फोन केला म्हणून. जिल्हाधिकारी महोदय, प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा विनाशुल्क क्रमांक, तीस हजारांची मर्यादा आणि ई-मायग्रेटचे नाव, एवढ्या तीन गोष्टींचे फलक प्रत्येक महाविद्यालयात, एस.टी. स्टँडवर आणि बाजार समितीच्या आवारात मराठीत लावा. याला निधी असा कितीसा लागणार?

घरच्या काळज्या सरकारने सोडवाव्यात असे मी म्हणणार नाही. म्हातारे आईबाप, लग्नाचे वय, भावकीतले बोलणे, हे ज्याचे त्याने पाहायचे. पण पासपोर्ट मालकाने काढून घेतला तर काय करायचे, पगार दोन महिने थांबला तर कुठे तक्रार करायची, वकिलातीत कुणाला भेटायचे, परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार कशी नोंदवायची, हे निघण्याआधी एक दिवस बसवून शिकवता येते. कमी शिकलेल्या कामगारांसाठी असे प्रशिक्षण सरकार देतेच. तेच शिक्षकांना विद्यापीठाच्या आवारात द्या, आणि जे दोन-चार वर्षे बाहेर शिकवून परत आले त्यांना बोलायला बोलवा.

आणि परत आलेल्यांचे काय, हाही प्रश्न आहेच. सरकारी नोकरीची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागास प्रवर्गाला ४३. पाच वर्षे बाहेर शिकवून आलेला माणूस इथे पुन्हा रांगेच्या शेवटी उभा राहतो. त्याने तिथे वीस देशांच्या मुलांना इंग्रजी शिकवले असेल, तरी आपल्या भरतीत त्या अनुभवाला एक गुणही नाही. वयात सवलत आणि अनुभवाला गुण, याचा शालेय शिक्षण विभागाने विचार करावा. अशा शिक्षकाला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत (डाएट) प्रशिक्षक म्हणून घेतले तर त्याचा फायदा जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या लेकरांना होईल.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. नवा कायदा दिल्लीत होईल तेव्हा होईल. फलक, शिक्क्यांचा ठरलेला दिवस, पदवीवरचे एकसारखे नाव आणि एक दिवसाचे प्रशिक्षण या चार गोष्टी नांदेड आणि हिंगोलीतच होऊ शकतात, आणि त्यांना दिल्लीची परवानगी लागत नाही. येत्या शैक्षणिक वर्षात यातली निदान पहिली सुरू करावी आणि कोणत्या कार्यालयात कोणाला भेटायचे ते नावासह जाहीर करावे, ही कळकळीची विनंती. इथली मुले तोवर थांबणार नाहीत, त्यांचे अर्ज गेलेले आहेत.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक
जवळा बाजार, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली